साड्यांच्या ट्रंकेसाठी सेन्सर

संपात गिरणी गेली, तेव्हापासून मी रेडिओ दुरुस्त करतो. यंदा बायको गेली. तिच्या साड्यांच्या ट्रंकेत ओल शिरायला लागली, म्हणून ओल वाढली की वाजणारं यंत्र घरीच जोडायला घेतलं. त्याचा सेन्सर आणायला गिरगावातल्या दुकानात गेलो.

काउंटरवरच्या बाईच्या कानावर पेन्सिल होती. तिने दोन सेन्सर तोंडाजवळ धरून त्यांच्यावर श्वास सोडला. जोडलेल्या मीटरवर दोन्हींचे आकडे चढले. महागाचा लगेच उतरला.

“स्वस्तातला नका घेऊ, काका. तोंड बाजूला केलं तरी हा श्वास धरून बसतो.”

बायकोचा शेवटचा श्वास माझ्या तळहातावर पडला होता. पाण्याचा तांब्या घेईपर्यंत हात कोरडा.

“ट्रंकेला महागाचा दे,” मी म्हटलं. “तो स्वस्तातला मला पाहिजे.”