हप्ता फिटेपर्यंत गाव नाही

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाकडंतिकडं येतं, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितलेली बरी.

गावी आई ओट्यावरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. डांबरी रस्ता गावाच्या अलीकडेच संपतो, म्हणून तिला बाजेवर घालून तिथपर्यंत आणली. तालुक्याला सरकारी दवाखान्याची इमारत नवी, रंगही नवा, पण हाडाचा डॉक्टर नाही. कल्याणला न्या म्हणाले. ऑपरेशनसाठी मी बायकांच्या गटातून कर्ज घेतलं आणि नंतर आईला माझ्याच खोलीवर आणली.

गटात आम्ही दहा जणी. तारण काही लागत नाही. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. दर मंगळवारी शीळफाट्याजवळ आमच्याच चाळीत, गटप्रमुख बाईंच्या खोलीत बैठक असते. कर्ज देणाऱ्या कंपनीचे वसुलीचे सर येतात, दार लोटून घेतात. सगळ्यांचे पैसे जमेपर्यंत कोणी उठायचं नाही.

आई काठी धरून चालू लागली तसं तिने एकच धरलं. "मला घरी नेऊन सोड. इथं खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत." गावी चुलती शेजारीच राहते, तिने बघितलं असतं. नवरा वॉचमन, त्याला सुट्टी नाही. न्यायचं मलाच होतं.

मी बैठकीत बोलत नाही. त्या मंगळवारी कसंबसं विचारलं, "आईला सोडून येऊ का? पुढच्या मंगळवारच्या आत परत येते."

आधी एक जण अशीच गावी गेली होती, ती आलीच नाही. तिचे हप्ते आम्ही भरले.

"अगं, तुझ्यावर विश्वास आहे गं," गटप्रमुख म्हणाल्या. "पण तिच्यावरपण होता."

"आईला नेलंस की तुझं इथं राहिलं काय?" दुसरी म्हणाली. "नवरा? तो तर तसाही घरी नसतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"आई राहू दे इथंच," गटप्रमुख म्हणाल्या. "म्हणजे आमच्याही जिवाला घोर नाही."

घरी येऊन आईला सांगितलं, कामावर रजा मिळाली नाही. पण गटप्रमुखांची खोली आमच्या शेजारचीच आणि मधली भिंत पत्र्याची, बैठकीतलं तिला ऐकू गेलंच असणार. तिने लुगड्याचं बोचकं बांधून उशाशी ठेवलं. लागेल ते कापड त्यातून काढायची, धुऊन परत त्यातच बांधायची. दर मंगळवारी मी परत आले की विचारायची, "झालं का?" मी नाही म्हणून मान हलवायची. तिच्याकडे धड बघताही येईना मला.

शेवटच्या हप्त्याच्या मंगळवारी ती काठी टेकत माझ्या मागोमाग बैठकीला आली. काखेत बोचकं.

"आजी, तुम्ही कशाला आलात?" सरांनी विचारलं.

"हिला सोडवायला."

या वेळी कोणी हसलं नाही. गटप्रमुखांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. सरांनी नोटा दोनदा मोजल्या, माझ्या कार्डावर सही केली आणि म्हणाले, कर्ज पूर्ण फिटलं.