मेहरुन्निसाबाईंची शिकवणी

बातम्यांत कुठे मोर्चा निघाला की मेहरुन्निसाबाई एकच प्रश्न विचारत, "मग ती बाई घरी कशी गेली?" कोणती बाई, असं विचारायची सोय नसे. प्रत्येक मोर्चात त्यांना एखादी बाई दिसायचीच, आणि ती घरी पोचल्याशिवाय त्यांची बातमी संपायची नाही.

वसमतच्या उर्दू शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी तिथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो आणि 'अमेरिकी वृत्तपत्रांतील पाकिस्तानी लोकशाही' या विषयावर पीएच.डी. करत होतो. विषय मीच निवडलेला. ऐकणारा दचकतो, एवढा एकच त्याचा गुण. थोडी उर्दू शिका, असं मार्गदर्शकांनी सुचवलं म्हणून मी बाईंच्या दारात उभा राहिलो.

"पाकिस्तान बघितलं का, सर?"

"नाही."

"अमेरिका?"

"नाही."

"सेनगावकडचं साखरा गाव तरी?"

तेही पाहिलं नव्हतं. "मग बराबर हाय. कुठूनबी सुरू करता येतं. अलिफ लिहा."

मी त्यांना अमेरिकी लेख मराठीत करून सांगायचो. देश कड्यावर उभा आहे, सेनापती काय करणार, अणुबाँब कुणाच्या हाती जाणार. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "याच्यात सेनापती हाय, बाँब हाय. माणसं काहून न्हाईत?" मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि पुढे प्रबंधात स्वतःचं म्हणून घातलं. अमेरिकेच्या दृष्टीवर माझी सडकून टीका असे. माझी सगळी माहिती मात्र तिथूनच आलेली.

माणसं बाईंच्या फोनमध्ये होती. त्यांची मावसबहीण झुबेदा लग्न होऊन कराचीला गेलेली. सत्तरीची ही बाई मत द्यायचा हक्क आणि बेपत्ता पोरं परत मागायला रस्त्यावर बसायची, आणि संध्याकाळी बहिणीला आवाजी निरोप पाठवायची. एकदा पोलिसांनी लोकांना पांगवलं, तेव्हा झुबेदा एका पायात चप्पल घालून रिक्षानं घरी आली. रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत. हे ऐकताना बाई हसल्या, मग फोन पालथा ठेवला. "हे कुणाला सांगू नका," एवढंच म्हणाल्या.

मी सांगितलं. हिंगोलीतल्या एका चर्चासत्रात तासभर भाषण केलं तरी कुणी मान वर करत नव्हतं. शेवटी मी त्या एका चपलेची गोष्ट काढली. सभागृह जागं झालं. त्या भरात कराचीच्या झुबेदाचं आणि वसमतच्या आमच्या बाईंचं, दोघींचंही नाव घेतलं. टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी एका स्थानिक पत्रात मथळा आला, 'कराचीहून वसमतला निरोप', आणि बाईंना पोलीस ठाण्यात बोलावणं आलं.

मीही सोबत गेलो, प्रबंधाचा आराखडा काखेत घेऊन. जमादारांनी विचारलं, "तुमी कोण?"

"संशोधक."

"कशाचे?"

"पाकिस्तानातल्या लोकशाहीचे."

"मग तुमीबी बसा," ते म्हणाले. आराखडा त्यांनी तीन तास ठेवून घेतला. एवढा वेळ त्यावर आजवर कुणीच दिला नव्हता. मी घटनेतलं भाषणस्वातंत्र्य समजावू लागलो, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "सर, आता तुमी बोलू नका."

मग त्याच बोलल्या. "साहेब, बहीण हाय माझी. गुडघे गेलेत तिचे, तरी मोर्चात जाऊन बसते. नको जाऊ म्हणून सांगून राहिले, ऐकत न्हाई. फोन बघा तुमी, तकलीफ न्हाई." जमादारांनी पाच-सहा निरोप ऐकले. त्यांतले चार गुडघ्यांवरच्या तेलाबद्दल होते. त्यांनी फोन परत दिला.

घरी येताना मी माफी मागितली. बाई चालत राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाल्या, "माझं सोडा. मी ठाण्यातून चालत घरी आले. तिकडं तिचं नाव कुणाच्या कानावर गेलं, तर तिला कोण आणणार?" शिकवणी त्यांनी थांबवली नाही. पण वर्षभर माझ्यासमोर झुबेदाचा निरोप लावला नाही. फोन वाजला की त्या आत जायच्या आणि मी बाहेर 'जम्हूरियत', म्हणजे लोकशाही, हा शब्द गिरवत बसायचो.

मला पदवी मिळाली. 'माणसं काहून न्हाईत' हा विचार मौलिक आहे, असं परीक्षकांनी लिहिलं. मी ते बाईंना वाचून दाखवलं. "छान लिहिलं त्यांनी," त्या म्हणाल्या आणि मला साखर दिली.

मागच्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या आणि आठ दिवसांत गेल्या, मी उशाशी बसलेला असताना. त्यांच्या घरात बसलो असताना फोन वाजला, झुबेदाचा. घरातल्या बायका रडत होत्या, म्हणून मी उचलला. मला राज्यघटना, न्यायपालिका, हुकूमशाही यांचे उर्दू शब्द येत होते. आत्ता लागणारा मरणाचा शब्द, रोज कानावर पडणारा, काही केल्या आठवेना. तेव्हा मी मराठीतलं 'गेल्या' तसंच उर्दूत ढकललं. "आपा चली गईं."

"कहाँ?" तिनं साधेपणानं विचारलं.

माझ्यामागचं बायकांचं रडणं तिकडे ऐकू गेलं. तिकडून श्वास ऐकू येत राहिला. मग तिला कळलं. तिनं विचारलं, जवळ कोण होतं.

"मैं था," मी म्हणालो.

"आप वो सर हैं?"

"जी."

"अच्छा हुआ," ती म्हणाली, आणि रडू लागली. मी फोन कानाला धरून बसून राहिलो.