वरमाय बघणारी गवराबाई

पिंपरीत कारखान्याचा भोंगा नव्यानंच वाजायला लागला होता, त्या काळी रेल्वे फाटकापाशी गवराबाईची खानावळ होती. कुडाच्या भिंती, वर पत्रा आणि आत एक चूल. त्या चुलीपाशी गवराबाईशिवाय दुसरं माणूस काही टिकत नव्हतं.

तशा आलेल्या बाया वाईट नव्हत्या. पिंपळे गुरवची एक पोर हात बसतोय न बसतोय तोच लग्न होऊन गेली. पुनावळ्याची एक सून बाळंतपणाला माहेरी गेली, ती गेलीच.

"शिकवायचं म्या, अन् खायाचं कुनाच्यातरी सासऱ्यानं!" गवराबाई करवादायची. "आजची भाकर कुनीबी थापील. मला धा वर्सांनी थापनारी पायजे."

विचार करकरून शेवटी तिनं तोड काढली. ज्या घरात नुकतीच सून आली, त्या घरची सासू आणायची! हात तयार, अंगात जोर, चूल मात्र सुनेच्या ताब्यात गेलेली. अशी बाई लग्न होऊन जायची नाही की बाळंतपणाला जायची नाही.

झालं! आख्खा मांडव नवरी बघायचा, गवराबाई वरमाय बघायची. कशी चालते, कशी भांडते, मनगट केवढं. वैशाखात धाकट्या लेकीचं, सुमनचं लग्न लागलं, तेव्हाही अक्षता हातात आणि डोळे नव्या विहिणीवर. नवऱ्यानं, चिमाजीनं कोपरानं ढोसलं.

"अगं, विहीण हाय ती आपली! तिला तरी सोड."

"नुसती बघतीया."

त्याच वैशाखात मोशीच्या एका लग्नात तिला अंबुबाई दिसली. आचाऱ्याची आमटी चाखून ह्या वरमाईनं तोंड वाकडं केलं, भरजरी पदर खोचला, आचाऱ्याला बाजूला सारलं आणि स्वतः मसाला घातला. गवराबाईचा जीव जडला तो तिथंच.

पण घाई नाही. "सासूसुनंचं एकदा वाजू द्या, मग जाऊ," ती म्हणाली.

इकडे कारखान्यात बातमी फुटली, की नागपंचमी झाली की दुसरी शिफ्ट सुरू. म्हणजे दुप्पट ताटं! दुसरे हात नसतील तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाणार, आणि एकदा गेलेलं परत येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नव्या सुनेनं माहेरी राहायची रीत, म्हणून सुमन आखाडाची माहेरी आलेली होती. तिच्यावर चूल सोपवून गवराबाई बैलगाडीनं मोशीला गेली.

अंबुबाई भाकरी भाजत होती. निवांत, गाणं गुणगुणत.

"आमच्या खानावळीत या," गवराबाई म्हणाली. "चूल तुमचीच समजा."

"मग ही कुनाची हाय?" अंबुबाईनं टम्म फुगलेली भाकर तव्यावरून उचलली. "सूनबाई गेल्यात माहेरी, आखाडाच्या. घर कसं घरावानी वाटतंय बगा! मी कशाला येतीया लोकांच्या चुलीपुढं?"

गवराबाईनं कपाळावर हात मारला. आपली लेक आखाडाची घरी बसलीय, तशी हिची सून तिच्या माहेरी बसलेली असणार, एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

परतल्यावर बघते तर चिंचवडची एक धडधाकट पोर काम मागायला आलेली.

"घे की हिला," चिमाजी म्हणाला.

"दिवाळी झाली की उजवतील तिला."

"अन् तवर भाकरी कोन करनार?"

"तुमी."

पंचमी झाली, सुमन सासरी गेली आणि चिमाजी खरंच काठवटीपुढं बसला. कोंडाजी फिटरनं त्याची भाकर उजेडात धरून पाहिली. "मामा, हिला कडेनं जरा ग्राइंडिंग मारा की!" सगळे हसले. दोघेजण मात्र न हसता उठले आणि समोरच्या हॉटेलात गेले. गवराबाईनं ते पाहिलं.

दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्या दिवशी सकाळी दुधाची गाडी दारात थांबली. गाडीतून आधी एक काठवट उतरली, मागून अंबुबाई.

"सुनंनं माजं मिठाचं मडकं हलिवलं! जाग्यावरनं!"

"अरारारा," गवराबाई म्हणाली. तोंडावर दुःख राखताना तिला फार कष्ट पडले.

"मालकास्नी सांगून आली, आता खावा सुनंच्या हातचं. रोज याच गाडीनं येईन, सांजच्याला मोशीची गाडी धरीन. कुठाय चूल?"

अंबुबाई चुलीपुढं बसली. डावीउजवीकडं पाहिलं, आणि खानावळ काढल्या दिवसापासून जे मिठाचं मडकं एका जागी होतं, ते उचलून सरळ पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलं.

"हितं ठिवतं का कुनी मीठ?"

गवराबाईचं तोंड उघडलं. चिमाजी बघत राहिला. एक शब्द निघाला की ही बाई काठवट उचलून चालती होणार, हे त्यालाही कळत होतं.

तोंड मिटलं. "ऱ्हाऊ द्या तिथंच," गवराबाई म्हणाली. "तुमाला हाताशी आलं म्हंजी झालं."

चिमाजी हळूच तिच्या कानाशी आला. "आता तूबी बघ बाई एकादी खानावळ. चूल गेली की तुजी."

"गप ऱ्हावा," गवराबाईनं चाळण त्याच्या हातात दिली. "धा वर्सं ऱ्हानार हाय ती. पीठ चाळा."