शिडीदादांचा तोल

आयुष्यभर शिडीवर उभं राहून परक्यांच्या भिंती रंगवणारा माणूस स्वतःच्या घरातल्या जिन्यावरून पडला, आणि घरच्यांना त्याचं आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. "वय झालं," म्हणाले. संपला विषय. म्हातारा पडला, वय झालं. म्हातारा चिडला, वय झालं. एकदा हे बोलून टाकलं की पुढे कुणाला काही करायला नको.

दादा रंगारी होते. एक पाय शिडीवर, दुसरा खिडकीच्या चौकटीवर, हातात डबा आणि तोंडात खालच्या माणसासाठी शिव्या, असं त्यांचं काम चाले. म्हणून सगळे त्यांना शिडीदादा म्हणत. मोतीबिंदू वाढला आणि पांढऱ्या आणि मळकट पांढऱ्यातला फरक कळेना, तेव्हा ते आपणहून डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर समोरची भिंत बघून त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कुठल्या गाढवाने मारलाय हा हात?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, महिन्याभराने चष्म्याचा नवा नंबर काढायला या, मग डाव्या डोळ्याचं बघू. महिना गेला, दुसराही गेला. मुलाला सुट्टी नव्हती, सुनेला वेळ नव्हता. "दिसतंय ना एका डोळ्याने? दुसरा पिकू दे जरा," मुलगा म्हणाला. शिवाय घरात कायदा निघाला की चष्मा लावल्याशिवाय बाबांनी जागचं हलायचं नाही. चष्मा कुठला? तोच जुना, जाड भिंगांचा, खाली वाचायची काच असलेला. दादांनी तो काढून ठेवला की सून धावत यायची. "बाबा, चष्मा! पडाल ना!" काळजीपोटीच म्हणायची बिचारी. काळजीचाच तर सगळा घोळ होता.

कारण चष्मा लावला की जिना जागेवर राहत नसे. पायरी आहे म्हणून पाय टेकवावा तर ती बोटभर खाली निघे. पायाखाली बघायला मान खाली घातली की वाचायची काच आड येई आणि सगळं गढूळ होई. पहिल्यांदा ते शेवटच्या पायरीवर घसरले, दुसऱ्यांदा उंबऱ्याला अडखळले.

"अरे, या चष्म्यातून मला जमीनच धड दिसत नाही," ते मुलाला म्हणाले.

"पुसून देऊ का?" मुलाने विचारलं.

दादांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांची खाट खालच्या खोलीत आली आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसली. वरच्या गच्चीवर त्यांची खुर्ची होती, तिथली सकाळ गेली. त्यावरही ते गप्प बसले असते. पण एके दुपारी मुलगा बहिणीशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं, "ऑपरेशन केलं तेव्हापासूनच बाबांचा तोल गेलाय. दुसरा डोळा आता नकोच करायला. बसतील घरात."

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळा त्यांचा, आणि निकाल लावणारे हे!

"दे तो फोन इकडे!" म्हणत ते ताडकन उठले.

"बाबा, चष्मा!" सून ओरडली, आणि तिने स्वतःच तो त्यांच्या नाकावर बसवला. दादांनी दोन पावलं टाकली आणि सतरंजीच्या कडेला पाय अडकून ते उजव्या मनगटावर आदळले. ब्रश धरायचा तोच हात. कडकन वाजलं, ते सगळ्यांनी ऐकलं.

हाताला प्लास्टर झालं आणि दुसऱ्या दिवशी दादा हट्टाने डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. बाईंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून उजेडात धरला.

"हा अजून का लावताय? हा नंबर ऑपरेशनच्या आधीच्या डोळ्याचा आहे. यातून पायऱ्या कशा दिसणार? आणि डावा डोळा का राहिला?"

"म्हटलं, पिकू दे," मुलगा पुटपुटला.

"ते काय फळ आहे? अहो, एक डोळा स्वच्छ आणि दुसऱ्यात धुकं असलं की अंतराचा अंदाज चुकतो. ऑपरेशनमुळे नाही पडले ते. अर्धवट सोडल्यामुळे पडले."

मुलाची मान खाली गेली. "बाबा, आम्ही काळजीपोटी..."

"चुलीत घाल तुझी काळजी!" दादा इतक्या जोरात ओरडले की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली. "मी सांगत होतो ना? घसा कोरडा करून सांगत होतो! डोळ्याला मोतीबिंदू मला होता, कानाला काय झालं होतं तुम्हा लोकांच्या? माफी नको मला. तारीख घे."

तारीख मिळाली. जुना चष्मा मुलाने गपचूप खिशात घातला. उघड्या डोळ्यांनी दादा बाहेर आले. दवाखान्याच्या दाराशी मोजून तीन पायऱ्या होत्या, रुंद, कोरड्या, आणि उजव्या डोळ्याला तिन्हींच्या कडा लख्ख दिसत होत्या. चार मजली भिंतीवर लोंबकळलेला तो माणूस पहिल्या पायरीशी थांबला तो थांबलाच.

"चला ना बाबा," मुलगा खालून म्हणाला. "आता तर दिसतंय ना?"

दिसत होतं. पाय उचलवत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली. बाजूने एक बाई कडेवरच्या लेकरासकट झपझप उतरून गेली. दादांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पायऱ्यांकडे, आणि त्यांचा आवाज फुटला.

"हात दे ना, मूर्खा! बघतोस काय नुसता!"