बोहनीचा शब्द

"मॅडम, दिवसभर झोपून राहील अशी गोळी द्या," रंजनाचा बाप म्हणाला. "मंग दोरीचं काम नाही पडणार."

दोरीचं त्यानं आपणहून सांगितलं म्हणून मला कळलं. मी आईला मुलीचा फ्रॉक वर करायला लावला. आठ वर्षांच्या पोरीच्या कमरेला सुतळीचे वळ होते. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे. रंजना तोवर माझ्या टेबलावरची टाचणीची डबी सांडून, पंख्याचं बटण चालू-बंद करून, खिडकीच्या गजावर चढली होती. आईनं मान खाली घातली. बापानं नाही घातली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मुलांच्या मानसोपचार विभागात मी सोशल वर्कर होते. डॉक्टर तपासायचे, औषध लिहायचे. घरी काय चाललंय ते पाहणं आणि आईबापांशी बोलणं हे माझं काम. आज ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात, त्याला आम्ही तेव्हा हायपरकायनेटिक म्हणायचो. सोपं सांगायचं तर मुलाला बुद्धी असते, पण लक्ष एका जागी ठरत नाही, अंग ठरत नाही, आणि मनात आलं की हातून होऊन जातं. विचार मागून येतो. ते मूल मुद्दाम करत नाही, हे आईबापांच्या गळी उतरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

रंजनाचं नाव काढून घ्या असं शाळेनं सांगितलं होतं. बाप मनोहरभाऊ, गांधीबागेच्या बाजारात कापडाचं दुकान, दुकानावरच घर. आई शकुंतला. आईनं पोरीला आवरायचं सोडून दिलं होतं, म्हणून बाप तिला सकाळी दुकानात नेऊन मागच्या खांबाला बांधायचा. कापडाचं थान, म्हणजे तागा, बांधायच्या सुतळीनं.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. "साहेब, गुंगीचं औषध नका देऊ. मला आईबापांना शिकवू द्या."

"पेशंट मूल आहे. आईबाप नाहीत."

"मूल आपल्याकडे पंधरा दिवसांतून अर्धा तास असतं. बाकी सगळा वेळ त्यांच्याकडे."

साहेब चिडके होते, पण ऐकणारे होते. "संक्रांतीपर्यंत बघ. नाही जमलं तर मी गोळी लिहीन. निदान वळ तरी थांबतील." दिवाळी नुकतीच झाली होती.

मग मी शिकवायला लागले. लांबून ओरडू नका, जवळ जा. खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. ऐकलं की लगेच शाबासकी द्या, रात्री नाही, तिथल्या तिथे. मनोहरभाऊ प्रत्येक वाक्याला "हाव मॅडम" म्हणायचा. करायचा मात्र शून्य. पुढच्या खेपेला शकुंतलाबाई सांगायची, "हे जिन्याच्या पायरीवरूनच सुरू होतात. पाणी आण, चपला उचल, काहून हासून राहिली, सरळ उभी राय. एका दमात सगळं. वरून शिवी." आणि कमरेला नवा वळ असायचा. मला असा संताप यायचा की बापाचं तोंड पाहू नये असं वाटे.

शेवटी मी दुकानात जाऊन धडकले. न सांगता. गादीवर एक बाई बसली होती, लग्नाचा बस्ता काढायला आलेली, आणि तिला काहीच पसंत पडत नव्हतं. मनोहरभाऊ एक साडी उघडायचा, पदर दाखवायचा, थांबायचा. तिची नजर बघायचा. नाही आवडली की बाजूला सारून दुसरी. "पहा ताई, आरामानं पहा." बोलणं असं की मी चकितच झाले. बाई शेवटी काहीही न घेता उठली, तरी हा हात जोडून म्हणाला, "येत जा ताई."

आणि मान मागं वळवून, त्याच तोंडानं, खांबाला बांधलेल्या पोरीवर ओरडला, "गुमान बैस नं वं, मरत काहून नाही तू."

मी गादीवर जाऊन बसले. "भाऊ, त्या बाईनं एवढं उघडायला लावलं अन् काही घेतलं नाही. ओरडला नाहीत तुम्ही."

"गिऱ्हाईकावर कोणी ओरडते काय मॅडम?"

"अन् सगळी थानं एकदम उघडली असती तर?"

तो हसला. धंद्यातलं विचारलं की माणूस खुलतो. "गडबडून जाते नं ते. एका वेळी एकच उघडाव लागते. नजर ठरू द्याव लागते."

"मग पोरीपुढे एका दमात दहा थानं काहून उघडता?"

त्याचं हसू गेलं. मी थांबले नाही. "अन् सकाळचं पहिलं गिऱ्हाईक?"

"बोहनीचं?" दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोहनी. ती बिघडली तर दिवस बिघडला असं गांधीबागेत लहान पोरही मानतं. "बोहनीच्या गिऱ्हाईकाले वापस नाही पाठवत आपण. नुकसान झालं तरी चालते, पण तोंड गोडच ठेवतो."

"रंजनाच्या दिवसाची बोहनी कशानं होते?"

शकुंतलाबाई चहा घेऊन जिन्यात उभी होती. तिनंच उत्तर दिलं. "शिवीनं होते."

त्या दिवसापासून मी माझी पुस्तकी भाषा गुंडाळून ठेवली. सकाळचा पहिला शब्द गोड, ती बोहनी. एका वेळी एकच थान. सांगितल्यावर नजर ठरेपर्यंत गप्प राहायचं. आणि एक शब्द आम्ही वेगळा काढून ठेवला. "थांब." तो रागात वापरायचा नाही, शिवीला जोडायचा नाही, उगाच खर्चायचा नाही. नाव घ्यायचं, थांब म्हणायचं, ती थांबली की हात खांद्यावर. दुकान बंद झाल्यावर बाप आणि लेक त्या शब्दाचा खेळ खेळायचे. ती पळायची, तो साध्या आवाजात म्हणायचा, ती थांबायची.

साहेबांना कळलं तेव्हा म्हणाले, "तू काय दुकानदारी शिकवायला लागलीस?"

"साहेब, दुकानदारी त्याला येते. तीच पोरीसाठी वापरा म्हणतेय."

सगळं सरळ झालं असं समजू नका. रंजनानं एकदा कपाटातली थानं ओढून रस्त्यावरच्या चिखलात घातली आणि त्यानं तिला असं मारलं की कान सुजला. मी त्याला माझ्या खोलीत घेऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बोहनी गोड केली. शकुंतलाबाईही उभी राहिली, शाळेत जाऊन तिनं पोरीचं नाव टिकवलं, तिला पुढच्या बाकावर बसवून घेतलं. वळ फिके व्हायला लागले. तरी सुतळी खांबाला लटकतच होती, आणि संक्रांत जवळ आली तशी ती पुन्हा पोरीच्या कमरेला आली.

"भाऊ, आता काहून?" मी दुकानात जाऊन विचारलं.

"पतंगा उडतात मॅडम."

"मग?"

त्यानं सुतळीची गाठ चाचपून पाहिली. "माझा लहान भाऊ असाच होता. हिच्यासारखाच. संक्रांतीले गच्चीवरून पडून गेला. त्याले आम्ही बांधलं नव्हतं."

मी पहिल्यांदा त्या सुतळीकडे नीट पाहिलं. इतके दिवस मला ती दुष्टपणाची वाटत होती. ती भीतीची होती. मी म्हटलं, "गच्चीच्या दाराला कुलूप घाला. पोरीला नका बांधू." त्यानं मान हलवली. ऐकलं की नाही ते कळलं नाही.

संक्रांत झाली. नागपूरची संक्रांत म्हणजे अख्खं गाव गच्चीवर, आणि पतंग कापला की सगळीकडून "ओ काट" चा गलका. त्यानंतरच्या ओपीडीला तिघं आली. ओपीडी म्हणजे बाहेरच्या पेशंटचा दिवस, चाळीस माणसं दाराशी. मी आधी फ्रॉक वर केला. कंबर साफ होती.

"बांधलं नाही ह्यांनी," शकुंतलाबाई म्हणाली. "कुलूप घातलं होतं. शेजारचे पोट्टे आमच्या गच्चीवर जायले आले, त्याइनं मागितली तं मी किल्ली देऊन बसली. पोट्टी त्याइच्या मागं वर पळाली."

पुढचं मनोहरभाऊनं सांगितलं. तो धावत वर गेला तेव्हा रंजना कटलेल्या पतंगामागे, वर बघत, कठडा नसलेल्या बाजूला पळत होती. तो दाराशी, ती तिकडच्या टोकाला. "तोंडात शिवी आली होती मॅडम. गिळली. रोजच्यासारखं म्हटलं. रंजना, थांब."

"मग?"

"थांबली."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही पोरीला वाचवलं."

तो हसला नाही. टेबलाची कड धरून बसला होता. "मॅडम, माझा भाऊ गेला तेव्हा मी वरतीच होतो. तो कडेला पोचला होता, पण उभा होता. मी चवदा वर्षांचा. मी जीव खाऊन ओरडलो, शिवी देऊन. तो दचकला. माझ्याकडं वळून पाहिलं त्यानं, अन् पाय मागं गेला." शकुंतलाबाई नवऱ्याकडे बघतच राहिली. तिला हे माहीत नव्हतं. "सगळ्याइले सांगत आलो, बांधलं नव्हतं म्हणून गेला. स्वतःलेही तेच सांगत आलो. परवा पोट्टी थांबली नं, तेव्हा समजलं."

चवदा वर्षांच्या मुलाला कोण शिकवणार होतं, असं काहीसं मी म्हणाले. त्याला ते ऐकू गेलं नसावं. तेवढ्यात रंजनानं पंख्याचं बटण चालू-बंद करायला सुरुवात केली. मनोहरभाऊ उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, साध्या आवाजात म्हणाला, "रंजना, बस झालं." तिनं बटणावरचा हात काढला. मग तो तिथंच, तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून रडला.

गोळी कधीच लिहावी लागली नाही. रंजना दहावीला दुसऱ्या खेपेला पास झाली. पुढे बापाच्याच दुकानात उभी राहिली. शब्दशः उभी, कारण बसणं तिला आजही जमत नाही, आणि लग्नाच्या बस्त्याला गिऱ्हाईक तिलाच मागतं. मनोहरभाऊ मात्र त्या संक्रांतीनंतर गच्चीवर गेला नाही, आणि घरात मोठ्यानं बोलला नाही. गिऱ्हाईकं म्हणायची, फार शांत माणूस आहे.

यातून मी एक गोष्ट उचलली. आईबापांना नवं काही शिकवलं की ते त्याचा उपयोग पुढच्यासाठी करतात, पण मागचंही त्याच्यानं मोजून बघतात, आणि मागचं बदलता येत नाही. म्हणून नंतर मूल सुधारलं तरी मी लगेच केस बंद करत नसे. बापाला आणखी एकदा बोलवायची. एकट्याला.