वरून टाकलेली पावडर

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगताना मी अडखळतो. पण बोईसर-तारापूर पट्ट्यात पोलीस ठाण्याचा प्रभारी असतानाचा एक रविवार आणि त्याच्या पुढचा सोमवार माझ्या डोक्यात तासागणिक शाबूत आहे. कोणाचेही नाव न घेता तेवढे दोन दिवस सांगतो.

आमच्या हद्दीत एक चायनीज हॉटेल नवीन सुरू झाले होते. मालक पालघरचाच. पंधरा-सोळा वर्षे जहाजावर खानसामा होता. बंदराबंदरांत खऱ्या चिनी जेवणाची चव घेऊन आलेला. आमच्याकडे चायनीज म्हणजे गाडीवरचे लालभडक मंचुरियन आणि ट्रिपल राईस. याला तसले काही करायचे नव्हते. त्याने कोलकात्याहून एक साठीचा, चिनी चेहऱ्याचा आचारी आणला. भिंतीवर पाटी लावली, ‘आमच्याकडे अजिनोमोटो वापरत नाहीत’. कारखान्यांतले इंजिनिअर तिथे आवडीने जायचे. मीही एकदा जेवलो होतो. सूप मला पाणचट वाटले, हे खरे ते सांगतो.

त्या रविवारी दुपारी शिरगावकडचे एक कोळी कुटुंब तिथे जेवायला आले. बोटीचा मालक, त्याची बायको, मुलगी आणि म्हातारी आई. मुलीला औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती, त्याचे जेवण. मुलीनेच हट्ट धरला होता की गाडीवरचे नको, एकदा खरे चायनीज खाऊ. सूप, भात, नूडल्स आणि आले-कांद्याच्या पातीत वाफवलेले दोन अख्खे पापलेट, एवढे मागवले होते.

जेवण उरकून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात तिघांना गरगरायला लागले. ओठ आणि नखे निळी पडली. रिक्षावाल्याने जवळच्या खासगी रुग्णालयात पोहोचवले. बोटीच्या मालकाने सगळ्यांत जास्त खाल्ले होते. तो दाखल केल्यानंतर तासाभरातच गेला. मायलेकी बेशुद्ध होत्या. म्हातारीला मात्र काहीच झाले नव्हते.

रुग्णालयाने साडेतीनला ठाण्यात कळवले. मी एका उपनिरीक्षकाला तिकडे पाठवले. त्याने ‘अन्नातून विषबाधेचा संशय’ असे लिहून आणले. मी त्यावर समाधान मानले आणि स्वतः डॉक्टरांना भेटलो नाही. ही माझी पहिली चूक.

चारच्या सुमारास ठाण्यात निनावी फोन आला. ड्युटीवर एक महिला शिपाई होती. तिला ऐकलेले जसेच्या तसे टिपून ठेवायची सवय होती. बाकीचे तिला त्यावरून चिडवत. तिने लिहिले, ‘चिनी आचाऱ्याने माशावर वरून पावडर टाकली. किचनमध्ये शोधा. नाव सांगत नाही.’ फोन बंद झाला.

बातमी आमच्याआधी रस्त्यावर पोहोचली होती. आम्ही हॉटेलवर गेलो तेव्हा दीड-दोनशे माणसे जमली होती. काचा फुटल्या होत्या. आचारी भटारखान्यात आतून कडी लावून बसला होता. दार उघडले तेव्हा तो स्टुलावर बसलेला दिसला, गॅस बंद, हात मांडीवर. त्याला गाडीत घालताना कोणीतरी फेकलेली बाटली एका हवालदाराच्या खांद्याला लागली. मी त्याला ठाण्यात आणले ते त्याच्या जिवाच्या काळजीने, असे मी डायरीत लिहिले. ते खरे होते. पण तोपर्यंत तोच गुन्हेगार आहे अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती, हेही खरे होते.

झडतीत फळीवर चिनी अक्षरांच्या सात बरण्या सापडल्या. त्यांतल्या दोन बरण्यांत पांढरी पावडर होती. आम्ही सगळे जप्त करून सील केले.

संध्याकाळी मी त्याची चौकशी केली. तो हिंदीत बोलत होता.

“पासपोर्ट किधर है?” मी विचारले.

“नहीं है.”

“व्हिसा?”

“नहीं है.”

“भारत में कब आए?”

त्यावर त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि काही उत्तर दिले नाही. मी कागदावर लिहिले, ‘चिनी नागरिक, पासपोर्ट नाही, प्रश्नांना उत्तरे देत नाही.’ जिल्ह्याच्या कार्यालयाला तसा संदेशही पाठवला. बरण्यांबद्दल विचारले तेव्हा त्याने एकेक सांगितले. वाळवलेल्या अळंब्या, खडीसाखर, बटाट्याचे पीठ, पांढरी मिरी. त्यावर माझा विश्वास बसला नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला मी रुग्णालयात गेलो. डॉक्टर वयाने तरुण होते. रात्रभर जागलेले.

“साहेब, ही हॉटेलातली विषबाधा नाही,” ते म्हणाले. “रक्त चॉकलेटसारखं झालं होतं. असे निळे ओठ आमच्याकडे रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यातल्या कामगारांचे येतात. म्हणून तर इंजेक्शन हाताशी होतं. दोघी त्यामुळे वाचल्या. वडिलांच्या वेळी माझ्या लक्षात यायला उशीर झाला.”

“म्हणजे नक्की काय पोटात गेलं?”

“एखादं नायट्राइट असावं. दिसायला मिठासारखंच. प्रयोगशाळा नक्की सांगेल. पण तुम्ही आचाऱ्याला सोडून कारखान्याकडे बघा.”

बाहेर बाकावर म्हातारी बसली होती. मुलाचे शव अजून शवविच्छेदनातून आले नव्हते. नातेवाईक तिला घरी चला म्हणत होते आणि ती उठत नव्हती. मी ओळख सांगितली. जबाब नंतर घेतला तरी चालेल, असेही म्हणालो.

“नंतर नको. आता लिव,” ती म्हणाली. “त्या म्हाताऱ्याला तुमी धरलाय म्हणतात. कशाला धरलाय?”

“आजी, त्यानं केलेला मासा खाऊन...”

“मासा मी पन खाल्ला. ताजा हुता. आमच्या घरात जल्म माशात गेला, मला कळत नाय का? त्यानं माशाची चव मारली नव्हती. तसा मासा मला आवडला.”

“मग तुम्हाला काही झालं नाही, ते कसं?”

“मी माझा वाटा आधी काढून घेतला. पोराला ते फिकं लागलं. तो वाढप्याला बोलला, काय तरी चटकदार आन. वाढप्यानं खिशातून डबी काढली नि माशावर वरून भुरभुरवली. मला इचारलं, आजी तुमाला? मी बोलली नको.”

मी लिहिता लिहिता थांबलो. महिला शिपायाने टिपलेल्या फोनमध्येही ‘वरून’ हाच शब्द होता. भटारखान्यात चुलीवर कोण काय टाकतो, ते कोणी ‘वरून टाकले’ असे म्हणणार नाही. टेबलावर वाढलेल्या माशावर घातले तरच माणूस तसे बोलेल. फोन करणाऱ्याने ती पावडर पडताना पाहिली होती. जेवणाऱ्या चौघांपैकी तिघांना रुग्णालयात आणले होते आणि चौथी माझ्यासमोर बसली होती. उरला वाढपी.

म्हातारीने अंगठा उठवला. उठताना म्हणाली, “तो वाढपी वाईट नाय वाटला मला. नीट बोलत हुता. पन जे बगितलं ते सांगितलं.” मुलगा गेल्याला सोळा-सतरा तास झालेली बाई हे बोलत होती. इतका नेटका जबाब मी नोकरीत फार थोड्या वेळा ऐकला.

वाढपी मूळचा माकुणसारचा. पंचेचाळिशीचा, सडपातळ, बोलायला मऊ. बोईसरला एका कारखान्यातल्या फिटरबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा. दुपारी त्याला ठाण्यात बोलावले. तो स्वतःहून आला, पळून गेला नव्हता. चौकशीच्या खोलीत घेऊन मी त्याला चहा दिला. मारहाणीने माणूस बोलतो, पण काय बोलेल याचा भरवसा नसतो, हे मी तोवर पुरते शिकलो होतो.

“तू मासा वाढला होतास ना?”

“होय साहेब.”

“कसा वाढतोस ते करून दाखव.”

मी त्याच्यासमोर रिकामी थाळी आणि चमचा ठेवला. तो उभा राहिला. थाळी डाव्या हातात घेतली, गिऱ्हाईक समोर आहे असे समजून जरा वाकला, चमच्याने मासा सोडवल्यासारखे केले आणि थाळी खाली ठेवली. मग त्याचा उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि खिशावरच थांबला.

तो खाली बसला.

“डबीत काय होतं?” मी विचारले.

“अजिनोमोटो. साहेब, आईच्यान सांगतो, अजिनोमोटोच. लोकांना जेवण फिकं लागायचं. परत यायची नाय माणसं. मालक आणि म्हातारा वापरू देत नव्हते. मी आपली खिशात डबी ठेवायचो. कोण बोललं तर थोडी टाकायचो. कोणाला कधी काय झालं नाय.”

“मग काल?”

“डबी संपली होती. खोलीवर फळीवर पिशवी असते, तीतून सकाळी भरली.”

“आणि फोन तू केलास.”

त्याने मान हलवली. “लोक बोलायला लागले चिन्यानं मारलं. मला वाटलं, तो तर परदेशी. त्याला त्याच्या देशात पाठवतील. मला बायकापोरं हायत.”

त्याच्या खोलीच्या झडतीत फळीवर दोन पारदर्शक पिशव्या शेजारी शेजारी सापडल्या. दोन्हींत पांढरी भुकटी, दोन्हींना रबरबँड, नाव कशावरच नाही. एक वाढप्याची होती. दुसरी फिटरने त्याच्या कारखान्यातून चोरून आणलेली. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पाने, पक्कड गंजतात. ती भुकटी पाण्यात कालवून हत्यारे बुडवली की गंज चढत नाही, म्हणून त्याने ती घरी आणली होती. कोणाला मारायचे कोणाच्याच मनात नव्हते. प्रयोगशाळेच्या अहवालाने डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवला. निनावी फोन हॉटेलबाहेरच्या दुसऱ्या एका रिक्षावाल्याच्या मोबाईलवरून झाला होता, त्यानेही वाढप्याला ओळखले.

वाढप्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आणि खोटी खबर दिल्याचा गुन्हा लागला. फिटरवर चोरीचा. दोषारोपपत्र मुदतीत गेले. मायलेकी बऱ्या झाल्या. मुलगी पुढे त्याच नोकरीवर हजर झाली, असे कळले.

आचाऱ्याला सोमवारी संध्याकाळीच सोडले. सुटताना त्याने पाकिटातून एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवले. मतदार ओळखपत्र, कोलकात्याचे. आजोबा चीनमधून आले होते. बाप आणि तो, दोघेही कोलकात्यात जन्मलेले.

“कल क्यों नहीं दिखाया?” मी विचारले.

“आपने पासपोर्ट माँगा,” तो म्हणाला. “वह मेरे पास नहीं है. कभी बाहर गया ही नहीं. और आपने पूछा भारत में कब आए. इसका मैं क्या जवाब दूँ?”

जिल्ह्याला पाठवलेला संदेश मी दुरुस्त करून पुन्हा पाठवला. कागदावरची चूक निस्तरायला दहा मिनिटे लागली.

नंतर अनेक वर्षे मी नवीन उपनिरीक्षकांना हे प्रकरण शिकवले. त्यातला ‘वरून’ हा शब्द त्यांना फार आवडायचा. ऐकलेले स्वतःच्या भाषेत सुधारून लिहू नका, हे त्यातून चटकन पटायचे. पण मला त्या प्रकरणाने शिकवले ते वेगळेच होते आणि ते मी वर्गात कधी सांगितले नाही. वाढप्याने भीतीपोटी एका माणसाला परका ठरवले. मला तर कसलीच भीती नव्हती. मी खुर्चीत बसून, पेन हातात घेऊन, त्याचा चेहरा बघून तेच केले. माझा प्रश्नच असा होता की त्याला खरे उत्तर देता येत नव्हते. मग उत्तर देत नाही म्हणून मी त्याच्यावर शेरा मारला. चौकशीत समोरचा गप्प बसला की आधी आपला प्रश्न तपासावा, हे कळायला मला इतकी वर्षे लागली.

हॉटेल पुन्हा उघडले नाही. दोनेक महिन्यांनी आचारी जप्त केलेल्या बरण्या न्यायला ठाण्यात आला. त्याच दिवशी तो कोलकात्याला परत जाणार होता. तपासणीसाठी बरण्या उघडल्याने अळंब्यांना बुरशी लागली होती. त्याने झाकण काढून वास घेतला, झाकण लावले आणि ती बरणी बाजूला ठेवली. बाकीच्या सहा कापडात गुंडाळून पिशवीत भरल्या. कारकुनाने पावती पुढे केली. तो वाकून सावकाश बंगालीत सही करत होता. खोलीत आम्ही तिघेच होतो आणि मला एक वाक्य बोलायला भरपूर वेळ होता. मी पावतीवरची तारीख बरोबर आहे का, ते बघत उभा राहिलो.