बाळकुमच्या घरचं पाणी

आमच्या नर्सिंग शाळेने कमलला फसवलं. नियम शाळेचा, तो मोडायचा हुकूम माझा, आणि नापास झाली ती.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी आया म्हणून लागले आणि भांडत भांडत सिस्टर झाले. शिकाऊ मुलींना डिस्ट्रिक्ट ड्यूटीला नेणं, म्हणजे घरोघरी जाऊन बाळंतपणं करायला शिकवणं, हे माझं काम. कमलची ती शेवटची केस. ती पार पडली की तोंडी परीक्षा, मग सर्टिफिकेट.

मी बाळकुम गावातल्या त्या घरी पोचले तेव्हा कमल बॅग धरून अंगणात उभी आणि दार बंद. आतून कण्हणं ऐकू येत होतं.

"काय केलंस?"

"त्यांनी पाणी दिलं. मी नको म्हटलं. गोड बोलूनच म्हटलं, सिस्टर."

पेशंटच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा शाळेचा नियम. आजार लागू नये आणि मिंधेपणा येऊ नये, म्हणून. मिठागरात राबणाऱ्या त्या घराला त्याचा एकच अर्थ लागला: ही आपला विटाळ मानते.

मी दार वाजवलं. सासू फटीतून बोलली, "आमचं पानी हिला चालत नाय. मंग आमची सून कशी चालंल?"

"मावशी, पोरगी शिकाऊ आहे. शाळेचा नियम पाळते."

"मंग शालेलाच बालंत करा जा."

माझं डोकं फिरलं. आत पहिलटकरीण अडलेली, आणि फटीतून दिसत होतं, गावची सुईण तिचं पोट दाबत होती. त्याने बाईच्या जिवावर बेततं. पण तिथे तोंड सोडलं असतं तर दार उघडलंच नसतं. मी सौदा मांडला.

"तुमची सुईण आतच बसेल. बाळाची पहिली आंघोळ तिचीच. पण पोट दाबायचं नाही, आणि नाळ आमच्या उकळलेल्या कात्रीने."

"आन् पानी?"

"दोघी पिऊ."

तांब्या आला. मी प्यायले. कमल घुटमळली.

"सिस्टर, नियम..."

"पी. जबाबदारी माझी."

ती प्यायली आणि म्हणाली, "आजी, गार आहे. अजून थोडं द्या." हे मी शिकवलं नव्हतं. सासू दारातून बाजूला झाली.

आत सून कळ आली की भीतीने अंग आखडून घेत होती. कमल सुईणीला म्हणाली, "काकी, तुम्ही पाठ धरा. ती तुमचं ऐकते." सुईणीने पोट सोडलं, पाठ धरली. बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. तो मी सोडवला. मुलगी उशिरा रडली, पण रडली.

तोंडी परीक्षेत शाळेच्या प्रमुख मेट्रनबाईंनी विचारलं, "पेशंटच्या घरी काही घेतलंत?" कमलने खरं सांगितलं. तिला नापास केलं, तेही 'रुग्णांशी वागणूक' या विषयात; त्यात नापास म्हणजे शाळेतून बाहेर.

मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

"हुकूम माझा होता. शिक्षा मला करा."

"तुम्ही परमनंट आहात, सिस्टर. तुमची चौकशी लावायची तर वर लिहावं लागेल."

"मग लिहा."

"तांब्याभर पाण्यासाठी?"

"तेवढ्याच पाण्यासाठी तिला काढताय ना?"

त्यांनी पुढची मुलगी आत बोलावली.

कमल डोंबिवलीला घरी गेली. नर्स झाली नाही. पुढच्या बॅचपासून मुलींना सांगण्यात येऊ लागलं की यजमानांनी पाणी दिलं तर नाकारू नये, घर दुखावतं. सांगायचं काम मलाच दिलं होतं.

वागणूक शिकवणाऱ्याने आधी बंद दारासमोर उभं राहून बघावं, एवढं मी त्यातून शिकले. पण नियम चुकला म्हणून बदललात, तर निकाल का बदलला नाहीत? मेट्रनबाई आता नाहीत. शाळा आहे. तिने उत्तर द्यावं, आणि ते मला नाही, कमलला द्यावं.